कौलावरचं साल आणि रिपेतला खिळा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला एक कौल सापडलं आणि आपलं निम्मं प्रकरण लिहून झालं, असं मला वाटलं. जुन्या नाशकात एक वाडा उतरवायचं काम चालू होतं. अंगणात कौलांच्या चळती लावलेल्या होत्या. त्यातलं एक उचलून माती पुसली, तर त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि सोबत साल : १८६५.

हे साल पाहून मी उडालेच, कारण १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातली रेल्वे सुरू झाली. म्हणजे मुंबईहून घाट चढून इगतपुरी-नाशिककडे अवजड माल थेट येऊ लागला. त्याच वर्षी हिंदुस्थानातला पहिला वन कायदा झाला आणि जंगलातल्या लाकडावर सरकारी हात पडायला सुरुवात झाली. आणि त्याच वर्षी मंगलोरजवळ जेप्पू इथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. कौल, लाकूड आणि रेल्वे, तिन्ही एकाच वर्षात! मी विभागाच्या सेमिनारमध्ये हे सगळं झोकात मांडलं : १८६५ पासून नाशिकचं छप्पर बदललं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साल वाचलंस, पण ते कशाचं साल आहे हे विचारलंस का?"

मागच्या बाकावरून आणखी एक प्रश्न आला. "उतरत्या छपरांना युरोपात स्लेटचा दगड वापरतात, हिमाचलातही वापरतात. मग नाशकात स्लेट का नाही?" मी हसून टाळलं. जे नाहीच त्याच्यावर काय बोलायचं, असं वाटलं.

आज हा लेख लिहितेय तो या दोन प्रश्नांमुळे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल किंवा पहिला सारांश लिहायला बसला असाल, तर माझी ही चूक तुमच्या कामी यावी.

आधी छपराची बाराखडी

आपल्यातले बरेच जण स्लॅबखाली वाढलो, त्यामुळे शब्द आधी लावून घेऊ. छपराच्या माथ्यावर आडवं जातं ते आढं. आढ्यापासून भिंतीकडे तिरपे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या, ठरावीक अंतराने ठोकलेल्या लाकडी पट्ट्या म्हणजे रिपा. आढ्याच्या एका बाजूचा उतार म्हणजे पाखं. भिंतीबाहेर आलेली खालची कड म्हणजे वळचण. तिथून पावसाचं पाणी गळतं त्या पागोळ्या.

यात रीप सगळ्यात हलकी आणि सगळ्यात दुर्लक्षित. साधारण २ इंच रुंद, १ इंच जाड. तिच्यावर नक्षी नसते, नाव नसतं, साल तर नसतंच. वाडा उतरवताना खांब, तुळया, कोरीव दरवाजे जुन्या लाकडाचे व्यापारी आधी घेऊन जातात. रिपा चुलीत जातात.

एका जिल्ह्यात तीन छपरं

नाशिक जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात तर पाऊस झपाट्याने कमी होत जातो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, मालेगाव-येवल्याकडे त्याहून कमी. पारंपरिक छप्पर पावसाचं हे गणित बरोबर पाळतं.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगराळ पट्ट्यात उभ्या उताराची गवताची छपरं आणि कारवीच्या कुडाच्या भिंती. पूर्वेकडे कोरड्या भागात धाब्याची घरं : तुळयांवर लाकडी किलचण, त्यावर मातीचा जाड थर, छप्पर सपाट. आणि मध्ये, नाशिक-त्र्यंबकच्या आसपास, कौलारू घरं.

ही कौलं मंगलोरी नव्हेत, कुंभाराची. कुंभार चाकावर निमुळती नळी काढायचा, ती उभी चिरायचा आणि भाजल्यावर तिची दोन कौलं व्हायची. म्हणून ती नळीची कौलं. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी ओळ पालथी. ती कुठे अडकवलेली नसतात. खाली बांबूचं तट्टं, कारवी किंवा सधन वाड्यात फळ्या असतात आणि कौलं त्यावर स्वतःच्या वजनाने, एकमेकांच्या आधाराने बसलेली असतात. माकडं नाचली, मांजर पळालं, वारा सुटला की सरकतात. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी छपरावर चढून ती सगळी काढायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा रचायची. यालाच शाकारणं म्हणतात.

वाड्यातल्या एका आजींना मी विचारलं होतं, शाकारणी म्हणजे नक्की काय व्हायचं? त्या म्हणाल्या, "अगं बाई, घरात धूळच धूळ! दोन दिवस चूल अंगणात. पण शाकारून झालं की मग मृग कधीही येऊ दे." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं खरं, पण त्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. या छपराचा खर्च एकदाचा नव्हता, दरवर्षीचा होता. त्यात कुंभाराचं काम होतं, शाकारणाऱ्याची मजुरी होती. म्हणजे छप्पर बदललं की हा वर्षाचा सगळा व्यवहारही बदलणार.

मग स्लेट का नाही?

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. संशोधनात "इथे अमुक का नाही?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो चांगला प्रश्न आहे, फक्त उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं.

पहिला टप्पा दगडाचा. स्लेट म्हणजे मुळात चिकणमातीचा बारीक थरांचा खडक. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता मिळून तो बदलतो आणि मग छिन्नी लावली की पातळ, सपाट पापुद्र्यांत फुटतो. नाशिक उभं आहे ते दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. तो ठोकळ्यांत फुटतो, पापुद्र्यांत नाही. त्याची लेणी होतात, घाट होतात, काळारामाचं देऊळ होतं, वाड्याचं जोतं होतं. कौलाइतकी पातळ चीप मात्र निघत नाही. शहाबादी आणि कडप्पा आपल्याकडे येतात, पण ते चुनखडीचे दगड. जमिनीला आणि ओट्याला उत्तम, छपराला जड.

उलट हिमाचलात कांगडा-चंब्याकडे स्लेट डोंगरातच आहे, म्हणून तिथे गावंच्या गावं स्लेटच्या छपराची. वेल्समध्येही तसंच. तिथल्या खाणींचा मुलूख २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. गंमत बघा, स्लेट आपल्या घरीही आली, पण छपरावर नाही, मुलांच्या हातात. दगडी पाटी म्हणजे स्लेटच. आंध्रातलं मार्कापूर पाट्यांसाठी प्रसिद्ध आहे.

पण इथे थांबलात तर उत्तर अर्धं राहतं. दगड नव्हता हे रेल्वेपूर्वीचं कारण झालं. रेल्वे आल्यावर दगड आणता आला असता. मग दुसरा टप्पा : आणून परवडलं असतं का?

इथे मी पहिल्यांदा रिपेकडे नीट पाहिलं. स्लेटच्या प्रत्येक चिपेला भोकं पाडून ती रिपेवर खिळ्यांनी ठोकतात. चिपा अशा रचतात की छपराच्या कुठल्याही जागी निदान दोन थर असतील आणि पहिल्या ओळीचं टोक तिसऱ्या ओळीखालीही थोडं जाईल. हिशेब सोपा आहे : चिपेच्या लांबीतून ही दाब वजा करा, उरलं त्याचं निम्मं म्हणजे रिपांमधलं अंतर. २० इंची चीप आणि ३ इंच दाब धरली तर अंतर साडेआठ इंच. मंगलोरी कौल साधारण १६ इंच लांब, एकमेकांत खाचेने बसतं, दाब थोडीच लागते. त्यामुळे रिपांमधलं अंतर साडेबारा इंचांच्या आसपास. म्हणजे त्याच पाख्याला स्लेटसाठी जवळपास दीडपट रिपा लागणार, वर प्रत्येक चिपेला खिळे. त्यात हिमालयातून जमिनीवरून दगड आणणं एकीकडे आणि मंगलोरहून समुद्रमार्गे मुंबईला कौल आणणं दुसरीकडे. या पारड्यात स्लेट टिकणं अवघड होतं.

पाहिलंत ना, "का नाही" या प्रश्नाने मला छपरातल्या लाकडापर्यंत आणलं. "का आलं" या प्रश्नाने मी फक्त कौलावरचं साल वाचत बसले होते.

मंगलोरी कौल काय मागतं?

या कौलाचा मूळ नमुना फ्रेंच. आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये खाचांनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. तशाच धर्तीचं कौल मंगलोरच्या मातीत करायचं काम बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने केलं. नेत्रावतीकाठची चिकणमाती, साचा, दाबयंत्र आणि भट्टी. पुढे मलबारात फेरोक, कोडक्कल इथेही मिशनचे कारखाने निघाले आणि स्थानिक उद्योजकही उतरले. मंगलोरला रेल्वे पोचली ती १९०७ मध्ये. तोवर हा माल मुंबईकडे यायचा तो समुद्रावरून, पत्तेमारींतून आणि आगबोटींतून.

या कौलाच्या पोटाला एक छोटा उंचवटा असतो, तो रिपेला अडकतो. सगळी गोम त्या उंचवट्यात आहे. नळीचं कौल खालच्या लाकडाला फारसं काही विचारत नाही. वासा वाकडा असला, बांबू कमी-जास्त असला तरी चालतं. मंगलोरी कौल मात्र सगळं मोजून मागतं. रिपांमधलं अंतर सारखं हवं, रीप सरळ आणि एकाच जाडीची हवी, नाहीतर खाच बसत नाही आणि पाणी आत येतं. म्हणजे कुऱ्हाडीने किंवा तासणीने तासलेलं लाकूड पुरेसं नाही, करवतीने कापलेलं हवं. आणि खिळे हवेत, तेही मोठ्या संख्येने.

थोडक्यात, नाशकात नुसतं कौल पोचून भागणार नव्हतं. कापीव रीप, स्वस्त खिळा आणि मापाने काम करणारा सुतार हे तिन्ही सोबत हवे होते. रेल्वेची तारीख यातलं काहीच सांगत नाही.

१८६५ चा सापळा

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. कौलावरचं १८६५ हे कौल भाजल्याचं साल नव्हतंच. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल, मार्क्यासारखं वापरलेलं. मंगलोरच्या अल्बुकर्क कारखान्याच्या कौलांवर असंच १८६८ दिसतं. दुकानाच्या पाटीवर "स्थापना १९३२" लिहिलेलं असतं म्हणून आतली साखर १९३२ ची नसते ना, तसंच.

मग त्या ठशाचा उपयोग शून्य का? नाही. तो जे सांगतो तेवढंच घ्यायचं. एक, ते कौल १८६५ च्या आधीचं नाही. दोन, पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रुराष्ट्राशी संबंधित म्हणून सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या नावाखाली गेले. म्हणजे बासेल मिशनचं नाव असलेलं कौल त्या बदलाच्या आधीचं आणि कॉमनवेल्थचं नाव असलेलं नंतरचं. माझ्या "१८६५" चा झाला सुमारे ५० वर्षांचा पट्टा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कौल कधी भाजलं आणि ते या छपरावर कधी चढलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौलं विकली जातात, एका घरावरून काढून दुसऱ्यावर चढतात, फुटली की मधे नवी घातली जातात. एकट्या कौलावरून घराचं वय काढणं म्हणजे अंगातल्या सदऱ्यावरून माणसाचं वय काढण्यासारखं.

हे सगळं कळेपर्यंत काही महिने गेले होते. मी मुंबईला पुराभिलेखागारात बसून १८६५ च्या आसपासचे कागद चाळत होते. परत वाड्यावर गेले तेव्हा तिथे सपाट जागा होती आणि पत्र्याचं कुंपण. माझ्याकडे त्या छपराचे किती फोटो होते? अकरा. त्यातले नऊ कौलावरच्या ठशाचे. रिपेचा एकही नाही. वासे कसे होते, खिळे कुठले होते, जुन्या खुणा होत्या का, यातलं काहीही आता कुणालाच सांगता येणार नाही. ती चूक ना कंत्राटदाराची ना मालकांची, ती माझी होती. पुरावा समोर होता आणि मी त्याच्यावरचं फक्त छापील अक्षर वाचलं.

रीप वाचायची कशी

दुसरा वाडा मिळाला तेव्हा मी आधी मिस्त्रीकाकांना गाठलं. छप्पर उतरवायला अजून चार दिवस होते. मी विचारलं, "काका, ही रीप किती जुनी असेल?"

ते म्हणाले, "ताई, साल नाही सांगता येणार. पण वासा आणि रीप एका वेळचे नाहीत. वासा तासलेला आहे, रीप कापलेली आहे. बघा हात फिरवून."

मी हात फिरवला. खरंच, वाशाला तासणीचे उथळ खड्डे लागत होते. रिपेवर मात्र बारीक कमानदार रेघा होत्या. गोल करवतीचं पातं अशा कमानी सोडतं. दोन माणसांनी ओढलेली करवत जवळपास सरळ, थोड्या कमी-जास्त रेघा सोडते. म्हणजे रीप यंत्रावर कापलेली. वासे वाकडे होते, म्हणून रीप एका पातळीत यावी यासाठी मधे मधे लाकडाच्या चिपा घातलेल्या. वासे आढ्याला लाकडी खुंट्यांनी बसवलेले, पण रिपा तारेच्या गोल खिळ्यांनी ठोकलेल्या. घडीव लोखंडी खिळा चौकोनी आणि हाताने ठोकलेल्या डोक्याचा असतो. तारेचा यंत्रावरचा खिळा १९ व्या शतकाच्या अखेरीपासून स्वस्त होत जगभर पसरला. आणि काही रिपांवर खिळ्यांची दुसरी, रिकामी भोकं होती, म्हणजे त्या एकदा तरी काढून पुन्हा ठोकलेल्या.

यातून काय निघालं? या घराचा सांगाडा नळीच्या कौलांसाठी बांधला होता. पुढे कधीतरी, तारेचा खिळा आणि यंत्रावर कापलेली रीप सहज मिळू लागल्यावर, त्याच जुन्या वाशांवर मंगलोरी छप्पर चढवलं. त्यानंतरही निदान एकदा दुरुस्ती झाली. चळतीत बासेल मिशन आणि कॉमनवेल्थ दोन्ही नावांची कौलं मिसळलेली होती, ते याच्याशी जुळतं. माझं "१८६५ पासून नाशिकचं छप्पर बदललं" हे वाक्य गेलं. त्याच्या जागी आलं : "या एका घरात छप्पर तीन टप्प्यांत बदललं आणि पहिला बदल रेल्वे आल्याबरोबर झाला नाही." वाक्य लहान झालं, पण कुणी पुरावा मागितला तर मी आता रिपेवर बोट ठेवू शकते.

तुमच्यासाठी चार गोष्टी

पहिली : एकाच वर्षी तीन घटना घडल्या की मन लगेच कारण-परिणामाची साखळी जोडतं. आधी विचारा, एक घटना दुसरीपर्यंत पोचायला मधे काय काय लागतं? माझ्या बाबतीत मधे रीप, खिळा आणि सुतार होता.

दुसरी : लिहिलेल्या पुराव्यावर आपण लगेच विश्वास ठेवतो, कारण आपल्याला वाचता येतं. पण ठसा कारखान्याने स्वतःच्या जाहिरातीसाठी मारलेला असतो. रिपेतलं भोक कुणी कुणासाठी केलेलं नसतं. दोन्ही वाचा आणि दोन्हींत विरोध आला तर खूश व्हा, तिथेच तुमचं काम आहे.

तिसरी : कागद थांबतो, घर थांबत नाही. मुंबईचं पुराभिलेखागार, पुण्यातलं पेशवे दप्तर, १८८३ चं नाशिक गॅझेटियर, सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं पुढच्या वर्षीही तिथेच असतील. जुन्या नाशकात मात्र दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा खचल्याची बातमी येते आणि धोकादायक घरांना नोटिसा जातात. माणसं जिवानिशी वाचावीत म्हणून ती घरं उतरवावीच लागतात, त्यावर भांडण नाही. पण उतरवण्याआधी एक दुपार मागून घ्या. टेप, वही, टॉर्च आणि फोटोत माप कळावं म्हणून पट्टी, एवढं पुरतं. रिपांमधलं अंतर दहा ठिकाणी मोजा. खिळे काढून पुडीत ठेवा आणि कुठल्या पाख्यावरचे ते लिहा. कौलांच्या ठशांची नुसती नोंद नको, मोजणी करा : कुठल्या नावाची किती.

चौथी : मिस्त्री, सुतार, कुंभार आणि शाकारणी आठवणाऱ्या आज्या यांना "माहिती देणारे" समजू नका. वासा आणि रीप एका वेळचे नाहीत, हे माझ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मिस्त्रीकाकांचं आहे. माझ्या प्रबंधात ते त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन जाणार आहे.

पुढच्या सेमिनारला मी खिळ्यांची ती पुडी घेऊन गेले. सरांनी एक खिळा उचलला, बोटांत फिरवला आणि विचारलं, "कुठल्या पाख्यावरचा?"

मी वही उघडून सांगितलं, "पश्चिमेच्या. वळचणीपासून तिसरी रीप."